वळणावरचा पाय

गोंदियाहून कामठ्याकडचा मुलूख ज्याने ऐन पावसाळ्यात पाहिला आहे, त्याला इकडचे रस्ते सरळ का नाहीत, असा प्रश्न पडत नाही. दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या, मधूनच एखादी बोडी, कुठे मामा तलावाची पाळ. (हा मामा म्हणजे माजी मालगुजारी, नात्यातला मामा नव्हे.) इथली पहिली वाट बैलगाडीची. बैलगाडी धुऱ्याच्या कडेने जायची आणि धुरा जिथे काटकोनात वळायचा, तिथे तीही निमूट वळायची. पुढे त्या वाटेवर मुरूम पडला, मग खडी, मग डांबर, आता कुठे कुठे काँक्रीट. वळणे मात्र बैलगाडीच्या वेळची, तशीच राहिली.

यातल्याच एका वळणावर १९९४ सालच्या ऑगस्टमध्ये मी आमची जुनी फियाट शेपटीच्या बाजूने बांधीत घातली. तेव्हा गोंदिया जिल्हा झाला नव्हता, आम्ही भंडाऱ्याचेच होतो. कामठ्याला नात्यातले एक बारसे उरकून आम्ही परतत होतो. शेजारी पत्नी, मागे दोन मुले आणि डिकीत यजमानांनी आग्रहाने दिलेली चिन्नोर तांदळाची दोन पोती. रोवणी जोरात होती. चिखलणी करून आलेल्या ट्रॅक्टरांच्या चाकांचा चिखल डांबरावर सांडला होता, वर पावसाची भुरभुर. पाळीच्या अलीकडचे वळण मी घेतले खरे, पण अर्ध्यावर गेल्यावर ते वाटले होते त्याहून आत वळते आहे हे लक्षात आले. वेग थोडा जास्त होता, फार नव्हे. भीती वाटली आणि भीती वाटल्यावर माणूस जे करतो तेच मी केले. ॲक्सिलरेटरवरचा पाय झटकन उचलला. ब्रेकला स्पर्शही केला नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन.

पुढे काय झाले ते सांगायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ ते घडायला लागला नाही. गाडीचे नाक आतल्या बाजूला वळले, मागचा भाग बाहेर सुटला, समोर यायला हवा होता तो रस्ता खिडकीतून दिसू लागला आणि आम्ही पाठमोरे बांधीत जाऊन बसलो. कुणाला खरचटलेदेखील नाही. परे लावणाऱ्या बाया हातातले काम टाकून धावत आल्या आणि आम्ही धडधाकट आहोत हे पाहून हसू लागल्या. ते हसू रास्तच होते.

गाडी ट्रॅक्टरने ओढून काढली. ती काढायला आलेल्यांत एक वयस्क गृहस्थ होते, आयुष्यभर ट्रक चालवून घरी बसलेले. त्यांनी चिखलातल्या चाकांच्या खुणा पाहिल्या, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "मास्तर, पाय काहाले उचलला?" मी म्हणालो, "वेग कमी करायला." त्यावर ते म्हणाले, "भ्याचं असन त वळनाच्या आंदी भ्या. वळनात भेलं का गाडीही भेते."

मी भौतिकशास्त्राचा शिक्षक. न्यूटनचे तिन्ही नियम तेव्हा पंधरा वर्षे फळ्यावर लिहीत होतो. पण तोवर ते फळ्यावरून डोक्यापर्यंतच पोचले होते. पायापर्यंत आले नव्हते. त्या रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, आणि जो हिशेब मांडला तो इथे थोडक्यात सांगतो, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे.

टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा. रक्कम ठरलेली आहे. त्यातूनच गाडी पुढे ओढायची, त्यातूनच थांबवायची आणि त्यातूनच वळवायची. सरळ रस्त्यावर सगळा पगार ब्रेकवर उधळला तरी चालते. वळणात मात्र बहुतेक रक्कम वळण्यासाठीच राखून ठेवावी लागते. पगार किती, हे दोन गोष्टींवर ठरते: रस्ता कसा आहे आणि त्या चाकावर वजन किती पडले आहे. कोरड्या डांबरावर पगार बरा असतो. ओल्यावर तो जवळजवळ निम्म्यावर येतो. चिखलाचे तर विचारूच नका.

आता पाय उचलल्यावर काय होते ते पाहा. गिअरमध्ये असलेल्या गाडीचा ॲक्सिलरेटर सोडला, की इंजिन गाडीला ढकलायचे थांबते एवढेच नव्हे, ते उलट तिला मागे खेचू लागते. चालत्या एस.टी.त उभे असताना चालकाने नुसता पाय काढला तरी आपण सगळे पुढे झुकतो. गाडीचे वजनही तसेच पुढे झुकते. हजार किलोच्या गाडीत तिसऱ्या गिअरमध्ये पाय झटकन उचलला, तर तीसेक किलो भार मागच्या चाकांवरून पुढच्यांवर जातो. तीस किलो म्हणजे काही फार नाही, असे वाटेल. पण पुढच्या चाकांचा पगार त्याच क्षणी वाढला आणि मागच्यांचा कमी झाला. पुढचा भाग म्हणतो, मी आणखी वळतो. मागचा म्हणतो, मला जमत नाही. शिवाय फियाट किंवा अँबॅसडरसारख्या गाडीत इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर असतो, म्हणजे ते खेचणेही मागच्याच चाकांच्या खात्यावर पडते. ओल्या रस्त्यावर मागच्या टायरांची आडवी पकड अशा वेळी एका पायउचलीने चौथ्या किंवा तिसऱ्या हिश्श्याने खाली येऊ शकते, असा माझा ढोबळ हिशेब आला. शंभर मीटर त्रिज्येच्या ओल्या वळणावर साठच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला तेवढी कपात परवडत नाही. आणि माझ्या डिकीतला तांदूळ? मागे वजन जास्त म्हणजे पकडही जास्त, असा माझा भाबडा समज होता. प्रत्यक्षात मागचा भाग एकदा सुटला, की ते वजन लंबकासारखे त्याला आणखी बाहेर ओढते.

हे अर्थात वेगाशिवाय घडत नाही, आणि वेगाचे गणित सावकाराच्या व्याजासारखे आहे. चाळीसच्या ऐवजी साठने वळण घेतले तर वेग दीडपट होतो, पण वळण्यासाठी लागणारी पकड सव्वादोन पट होते. ऐंशीने घेतले तर चौपट. म्हणून चाळीसने जाताना जी चूक खपून जाते, तीच साठला बांधीत नेते.

आज बहुतेक घरांत पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या मोटारी आहेत. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तिने मध्यमवर्गाला या रचनेची ओळख करून दिली. अशा गाडीत वळण घेताना रेस देत राहिलात तर ती नाक बाहेर काढते. पाय हलकेच सैल केलात तर नाक पुन्हा आत येते. तेव्हा पाय उचलणे हेच पाप, असे मी म्हणत नाही. सैल करणे आणि झटकन उचलणे यांत, दार लावणे आणि दार आपटणे यांत असतो, तेवढा फरक आहे. दार आपटले तर या गाड्यांचाही मागचा भाग निसटतो. फक्त थोडा उशिरा.

जगाला हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेत १९५९ सालापासून विकली गेलेली शेव्हरोले कॉर्वेअर ही मागे इंजिन असलेली मोटार वळणावर शेपटी सोडते म्हणून गाजली. राल्फ नेडर यांनी १९६५ साली 'अनसेफ ॲट एनी स्पीड' हे पुस्तक लिहिले, त्याचे पहिलेच प्रकरण या गाडीवर आहे. गंमत अशी, की तिथल्या सरकारी यंत्रणेने १९७२ साली चाचण्यांचा निष्कर्ष दिला तो असा, की ही मोटार त्या काळच्या इतर गाड्यांहून अधिक बेताल नव्हती. खरे-खोटे अभियंत्यांनी पाहावे. पण त्या वादामुळे गाडीच्या स्वभावाची चर्चा अमेरिकेत घराघरांत झाली. आपल्याकडे नॅनो आली तेव्हा तिचेही इंजिन मागे होते. टाटांच्या अभियंत्यांनी तिचे मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद दिले होते. ते का, हे किती घरांत बोलले गेले? मायलेज आणि किंमत यांपुढे आपली चौकशी जात नाही. आणि १९९७ च्या ऑक्टोबरात स्वीडनमधल्या एका मोटार मासिकाने मर्सिडीजची नवी लहान गाडी रस्त्यावर अचानक आलेले जनावर चुकवण्याच्या चाचणीत चक्क उलटवून दाखवली, तेव्हा कंपनीने त्या गाडीत गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था सरसकट बसवली. ईएससी म्हणतात ती हीच. गाडी चालक म्हणतो त्यापेक्षा वेगळीकडे चालली आहे हे ओळखून ती एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावते.

ही व्यवस्था अमेरिकेत आणि युरोपात गेली दहा-बारा वर्षे नव्या मोटारींना सक्तीची आहे. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपची तारांकन पद्धत सुरू झाली, तीत तीन किंवा अधिक तारे हवे असतील तर ईएससी हवी, अशी अट आहे. चांगली गोष्ट आहे. पण आज आमच्या तालुक्यात धावणाऱ्या गाड्यांकडे पाहा: पंधरा वर्षांच्या व्हॅन, तिसऱ्या हाताच्या जीपगाड्या, मळ्यातून बाजारात आणि बाजारातून लग्नाला जाणारे टेम्पो. त्यांच्या चाकांवर लक्ष ठेवणारा संगणक अजून बरीच वर्षे चालकाच्या उजव्या पायातच असणार आहे.

हा विषय आज काढण्याचे कारण मात्र माझी फियाट नव्हे. २९ नोव्हेंबर २०२४ रोजी भर दुपारी भंडाऱ्याहून गोंदियाकडे येणारी शिवशाही बस सडक अर्जुनी तालुक्यात, कोहमारा-गोंदिया मार्गावर बिंद्रावनटोल्याजवळ उलटली. किमान दहा प्रवाशांचे प्राण गेले, तिसाच्या आसपास जखमी झाले. गोंदियातल्या प्रत्येक मोहल्ल्यात त्या बसने येणारा कुणी ना कुणी ओळखीचा होता. वळणावर समोर आलेल्या दुचाकीला वाचवताना चालकाचा ताबा सुटला, असे तेव्हा वृत्तपत्रांतून आले. त्या क्षणी चालकाच्या पायाने काय केले हे मला ठाऊक नाही आणि त्यावर तर्क लढवणे हा मेलेल्यांचा आणि जिवंत राहिलेल्या चालकाचाही अपमान होईल. मला छळतो तो वेगळाच प्रश्न. ते कधी तरी कुणाला कळेल का?

कारण आपल्याकडे अपघाताची नोंद होते ती गुन्हा म्हणून. पूर्वी कलम २७९ आणि ३०४ अ होते. १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेची २८१ आणि १०६ ही कलमे आली. कलमे बदलली, चौकशीचा प्रश्न तोच राहिला: दोष कुणाचा? कारण काय, हा प्रश्न त्यात विचारलाच जात नाही. केंद्र सरकारच्या २०२२ सालच्या अहवालात देशभरात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेल्याची नोंद आहे आणि त्यांपैकी ७१ टक्के मृत्यूंपुढे कारण लिहिले आहे 'अतिवेग'. हा शब्द इतका सोयीचा आहे, की त्याच्या पोटात काहीही मावते. वेग कुठे जास्त होता, वळणाआधी की वळणात. चालकाने काय केले, टायर कसे होते, वळणाची बाहेरची कड उंच होती की नाही, याला रकाना नाही. त्याच अहवालाप्रमाणे सुमारे दोन तृतीयांश अपघात सरळ रस्त्यावर होतात, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर मी माझ्या विषयाला नको तेवढे मोठे केले असे होईल. वळणांचा वाटा लहान आहे. पण हा वाटा असा, की ज्यातली चूक शिकवता येते.

आणि शिकवण्याचे उदाहरण पाहायला आम्हाला दूर जावे लागत नाही. कामठ्याच्याच बाजूला बिरसीचा विमानतळ आहे. इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेली ती धावपट्टी. आता तिथे वैमानिक घडवणारी संस्था चालते. बांधीत वाकलेल्या माणसांच्या डोक्यावरून ही पोरे दिवसभर घिरट्या घालतात. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला २०० तासांचे उड्डाण लागते. पण मला महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. त्या मुलांना एकट्याने विमान नेऊ देण्याच्या आधी, वेग घटून पंखांचा आधार सुटतो तेव्हा काय करायचे, हे प्रशिक्षक शेजारी बसून, वर आकाशात, मुद्दाम तसे घडवून शिकवतात. त्या क्षणी अंतःप्रेरणा म्हणते नाक वर ओढ; शिक्षण म्हणते नाक खाली सोड. शरीराला जे खरे वाटते ते तिथे खोटे असते, आणि हे शरीराला पटेपर्यंत घोटून घेतात. एवढे करूनही अपघात होतात. मार्च २०२३ मध्ये बिरसीहून उडालेले प्रशिक्षण विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात कोसळून दोघांचा अंत झाला. पण विमान पडले की दोषी कोण यापेक्षा कारण काय, हे शोधणारी वेगळी यंत्रणा कामाला लागते. बसला तसे भाग्य नाही.

मोटारीच्या चालकाला आपण काय देतो? नियमांनुसार हलक्या मोटारीच्या शिक्षणासाठी वाहन प्रशिक्षण शाळेत किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष गाडीवर दहा तास. जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची नवी योजना आली, तिथे २९ तासांचा अभ्यासक्रम आहे. केंद्रे वाढतील तेव्हा वाढोत. बाकी गावोगावच्या शाळांत दहा तासही दहा तासांचे असतातच असे नाही. परीक्षेत उमेदवार आठचा आकडा काढतो, तोही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. त्यात वळणे भरपूर आहेत, पण वेग नाही. आणि रस्त्यावर वेग असतो तेव्हा शेजारी शिकवणारा नसतो. वळणाआधी सरळ रस्त्यावरच वेग कमी करा, गिअर तिथेच बदला, वळणात शिरल्यावर पाय हलका पण स्थिर ठेवा, आणि तरीही जास्त वेगाने शिरला असाल तर पाय उचलू नका, हळूहळू सैल करा, जिथे जायचे आहे तिकडे पाहा. हे सगळे सांगायला पाच मिनिटे लागतात. मागचा भाग सुटलाच, तर स्टिअरिंग ज्या बाजूला तो सुटला त्याच बाजूला हळुवार वळवायचे, हे आणखी अर्ध्या मिनिटात. माझ्या ओळखीत गेल्या वीस वर्षांत परवाना मिळवलेल्या मुलामुलींना मी विचारत आलो आहे. हे कुणीही शाळेत ऐकलेले नाही. डिझेल वाचवायला उतारावर आणि वळणावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याचा मंत्र मात्र बहुतेकांना कुणीतरी दिलेला असतो. तो तर पाय उचलण्याहून वाईट. कारण त्यात इंजिन आणि चाक यांचे बोलणेच तुटते, आणि मग गरज पडली तर फक्त ब्रेक उरतो.

बसची आणि ट्रकची गोष्ट याहून निराळी आहे. उंच गाडी मोटारीसारखी घसरण्याआधीच कलंडू शकते, आणि पाणी किंवा दूध भरलेला अर्धा टँकर तर आतूनच हेलकावतो. दुचाकीचे गणित आणखी नाजूक. पण वेग वळणाआधी उतरवायचा, हा नियम तिघांनाही तोच.

रस्ता बांधणाऱ्यांनाही एक प्रश्न आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत सपाट मुलखातल्या वळणाला सात टक्क्यांपर्यंत आडवा चढ देता येतो, म्हणजे बाहेरची कड उंच ठेवून गाडीला आत झुकायला मदत करता येते. आमच्या भागात काम निघते ते पृष्ठभागाचे. खड्डे होते तोवर कुणी पस्तीसच्या वर जात नव्हते. रस्ता गुळगुळीत झाला आणि त्याच बैलगाडीच्या वळणावर गाड्या सत्तरने येऊ लागल्या. वर पाटी लागते, 'वळण आहे, वाहने सावकाश चालवा', तीही पुष्कळदा वळणाच्या तोंडाशी, म्हणजे ती वाचून घाबरणारा माणूस नेमका तिथेच पाय उचलणार. हीच पाटी शंभर मीटर अलीकडे रोवायला खर्च जास्त येत नाही.

माझ्या पुतण्याने या उन्हाळ्यात परवाना काढला. आठचा आकडा बिनचूक काढला म्हणून घरी पेढे आले. मी विचारले, "वळणात पायाचे काय करायचे ते सांगितले का रे?" तो म्हणाला, "काका, वळणात ब्रेक मारायचा नाही एवढं सांगितलं. मग पाय उचलायचा ना?" मी काही बोललो नाही. पुढच्या रविवारी सकाळी सहाला, ट्रॅक्टर रस्त्यावर यायच्या आत, आम्ही दोघे कामठ्याच्या वाटेला लागलो. तिशीच्या वेगाने, पाळीच्या अलीकडच्या त्याच वळणावर, सातवेळा गेलो आणि सातवेळा परत आलो. पाचव्या खेपेला धुऱ्यावर दातवण करत उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने काय हरवले आहे, असे विचारले.